सुरांचा संच : चिऱ्यांच्या भिंती, पावसाळा आणि वीज

पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत. बहुतेकांनी शेवटी एकच विचारले आहे: आता नवे काय घ्यावे? आमचे मत असे, की गोव्यातल्या घरात आधी खोली, दमट हवा आणि अर्थिंग यांच्याकडे बघावे. ही तीन ताब्यात नसतील, तर लाखाचा ॲम्प्लिफायरही तीस हजारांच्या ॲम्प्लिफायरसारखा वाजतो.

डिचोली तालुक्यात आमचे जुने घर आहे. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले, लाल सिमेंटची जमीन. बैठकीची खोली २० फूट बाय १४ फूट. उभे स्पीकर घेतले, पण डग्गा नुसता घुमतो आणि गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरांतून वेगवेगळा येतो, मधोमध उभा राहत नाही. स्पीकर परत करावेत का?

परत करू नका. पत्रासोबतच्या रेखाचित्रात स्पीकर १४ फुटी भिंतीच्या दोन कोपऱ्यांत, भिंतीला जवळजवळ टेकलेले दिसतात आणि तुमची खुर्ची समोरच्या भिंतीला लागून आहे. घुमण्याचे कारण तिथेच आहे. कोपऱ्यातल्या स्पीकरचा खर्ज दोन भिंती आणि जमीन मिळून वाढवतात. ऐकणारा भिंतीला पाठ लावून बसला, की तो आणखी वाढतो.

आता आकडे बघा. खोली ६.१ मीटर लांब आणि ४.३ मीटर रुंद आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागले की २८ हर्ट्झ येतात, रुंदीच्या दुपटीने भागले की ४०. या दोन कंपनांवर आणि त्यांच्या पटींवर, म्हणजे ५६, ८० वगैरेंवर, खोली स्वतःच गाऊ लागते. डग्ग्याचा भरीव भाग याच शेजारात येतो. घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती लावून बघा, तिथेही हेच होत असणार.

स्पीकर त्याच भिंतीपाशी राहू द्या, पण पुढे ओढा. स्पीकरच्या समोरच्या जाळीपासून मागच्या भिंतीपर्यंत ७५ सेंटिमीटर अंतर ठेवा. दोन स्पीकरांत, मध्यापासून मध्यापर्यंत, २.५ मीटर. म्हणजे बाजूच्या भिंती प्रत्येकी ९० सेंटिमीटरवर राहतील. ही दोन अंतरे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. भिंतीवरून परतलेला खर्ज मूळ आवाजाला ज्या कंपनावर खोडतो, ते कंपन म्हणजे ३४३ भागिले अंतराची चौपट. ७५ सेंटिमीटरला ते सुमारे ११४ हर्ट्झ येते, ९० सेंटिमीटरला ९५. दोन्ही अंतरे सारखी ठेवली असती, तर दोन्ही खड्डे एकाच जागी पडून तिथला आवाज पार पोकळ झाला असता.

खुर्ची तुमच्या पाठीमागच्या भिंतीपासून २.३ मीटर पुढे घ्या, लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र बसू नका, २८ हर्ट्झचा खर्ज तिथे जवळजवळ नाहीसा होतो. मग स्पीकर आत वळवा. आधी सरळ ठेवून एकट्या गळ्याचे, तानपुरा आणि आवाज एवढेच असलेले ध्वनिमुद्रण लावा. दोन्ही स्पीकर एका वेळी दोन-दोन अंशांनी आत वळवत जा आणि आवाज मधोमध एका जागी उभा राहिला की थांबा. त्याहून जास्त वळवले तर मंच, म्हणजे समोर आवाज पसरलेला वाटतो ती जागा, अरुंद होतो. जमिनीवर खडूने खुणा करून ठेवा, नाहीतर झाडूपोछा झाला की सगळी मेहनत वाया.

गायक मध्ये उभा राहत नाही याला दुसरेही एक कारण असते: एका स्पीकरची लाल-काळी जोडणी उलटी झालेली. स्पीकर हलवण्याआधी तेवढे तपासा. खर्ज विरळ आणि आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला, तर समजा तार उलटी आहे.

कौलारू छताची काळजी करू नका, ते तुमच्या बाजूचेच आहे. सपाट स्लॅब नसल्यामुळे छत आणि जमीन यांच्यात आवाज अडकून राहत नाही, आणि बराचसा खर्ज कौलांतून बाहेर निघून जातो. अडचण गुळगुळीत जमिनीची आहे. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जाड सुती सतरंजी घाला, निदान ६ फूट बाय ८ फूट. लोकरी गालिचा पावसाळ्यात ओल धरतो आणि कुबट होतो, सतरंजी धुऊन वाळवता येते. स्पीकरखाली टोकदार पाय असतील तर प्रत्येकाखाली पोलादी चकती ठेवा. जुन्या लाल सिमेंटवर टोक रुतले की टवका उडतो आणि तो रंग पुन्हा जुळत नाही.

यानंतरही काहीतरी झणझणत असेल, तर फोन ॲम्प्लिफायरला जोडून त्यावरच्या टोन जनरेटर ॲपमधून २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर मध्यम आवाजात सोडा. घरातल्या कुणाला तरी हाताने वस्तू दाबत खोलीभर फिरायला सांगा. शोकेसची सैल काच, तिच्यातली तबके, भिंतीवरच्या तसबिरीचे खिळे, दाराचा अडसर, प्रत्येकाचा एक ठरलेला आकडा असतो. सूर तिथे पोहोचला की ती वस्तू बोलते. काचेच्या कडेला पातळ फेल्ट, तसबिरीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे रबरी ठिपके. एवढ्याने अर्धे काम होते.

काटेकोर जायचे असेल तर यूमिक-१ सारखा मोजणीचा माइक आणि खोलीतल्या आवाजाचा आलेख काढणारे आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. इक्वलायझर, म्हणजे ठरावीक कंपने कमी-जास्त करणारे साधन, वापरलात तर आलेखातले सुळके कापा, खड्डे भरायला जाऊ नका. खड्डा खोलीने खोडलेला असतो, त्यात ओतलेली शक्ती ॲम्प्लिफायर आणि वूफर (खर्ज वाजवणारा मोठा शंकू) यांच्यावरच येते.

दर पावसाळ्यात एलपी रेकॉर्डवर पांढरी बुरशी धरते. वडिलांच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही त्याच कपाटात आहेत. कशाने धुवाव्यात? (म्हापसा)

आधी दोन ढीग करा, कारण दोघींचे औषध वेगळे आहे. एलपी विनाइलची असते. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी बहुधा लाखेची असते, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आयसोप्रोपिल, स्पिरिट, बाजारात मिळणारे अल्कोहोलयुक्त रेकॉर्ड क्लीनर, यातला एक थेंबही लाखेच्या तबकडीवर पडता कामा नये. खाचा एकदा गेल्या, की परत येत नाहीत.

बुरशी घरात झाडू नका. तोंडाला मास्क लावून बलकावात (दारापुढच्या ओसरीत) किंवा अंगणात कोरड्या मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवत झाडा. जुनी कागदी आतली पाकिटे सरळ फेकून द्या, बुरशीचे बीज त्यांच्यातच असते. बाहेरचे चित्रवेष्टन जपा. कोरड्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली उघडे करून ठेवा.

एलपीसाठी मिश्रण: एक लिटर डिस्टिल्ड पाणी, २०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्के) आणि फोटोग्राफीच्या कामात वापरतात त्या वेटिंग एजंटचे तीन-चार थेंब. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी चालते, मात्र बाटलीवर नीट वाचा, शेजारीच ॲसिडही ठेवलेले असते. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको, त्यातले क्षार वाळल्यावर खाचेत राहतात आणि चरचर वाढते. लाखेच्या तबकडीसाठी अल्कोहोल वगळून बाकी हेच मिश्रण. ती भिजत ठेवू नका, ओले करून लगेच पुसा.

मधले लेबल झाकून घ्या. मिश्रण पसरा, मिनिटभर थांबा, मऊ ब्रशने तीन फेऱ्या उजवीकडे आणि तीन डावीकडे, मग मायक्रोफायबरने टिपा. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात. वाळवायला स्वयंपाकघरातले ताटाळे उत्तम: तबकड्या उभ्या राहतात आणि दोन्ही अंगांना वारा लागतो. उन्हात मात्र ठेवू नका, एलपी वाकडी होते. पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घातली तर पंधरा दिवसांत बुरशी परत येते. आतली पाकिटे अँटिस्टॅटिक प्लॅस्टिकची घ्या. धुतल्यानंतर पहिल्यांदा वाजवताना सुई खाचेतला उरलेला गाळ उचलते, म्हणून प्रत्येक बाजूनंतर ती मागून पुढे, एकाच दिशेने, ब्रशने साफ करा.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे घ्या. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते आणि कपाटाची पाठ तीच ओल पिते. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून निदान ६ इंच वर हवा. तबकड्या उभ्याच ठेवा. शंभर एलपींचे वजन २५-३० किलो भरते, तेव्हा फळी मजबूत असू द्या. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ प्लॅस्टिकला मानवत नाही.

खरा उपाय हवा कोरडी करण्याचाच आहे. एक साधा आर्द्रतामापक घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या खोलीत तो ८५-९०च्या घरात दिसेल. तो ५० ते ५५ टक्क्यांवर आणायचा आहे. १२ बाय १४ फुटांच्या खोलीला दिवसाला २० लिटर क्षमतेचे डीह्युमिडिफायर पुरते, पण खिडक्या बंद हव्यात. कौलारू खोलीत त्याचा फारसा उपयोग नाही, तिथे हवा सगळीकडून येते. अशा घरात स्लॅब असलेली एखादी लहान खोली तबकड्यांना द्या. सिलिका जेल फक्त घट्ट बंद होणाऱ्या कपाटातच कामाचे. निळे खडे गुलाबी झाले की संपले, ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून परत वापरा.

आजोबांकडच्या केसरबाई केरकर आणि मास्टर दीनानाथ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या नव्या टर्नटेबलवर वाजतील का? नेहमीच्या सुईने लावून पाहिल्या, नुसती खरखर ऐकू येते. (फोंडा)

वाजतील, आणि तुम्ही कल्पना केली आहे त्याहून चांगल्या वाजतील. पण त्या सुईने परत लावू नका. एलपीच्या सुईचे टोक साधारण १८ मायक्रॉनचे, ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच त्याहून कितीतरी रुंद. बारीक टोक खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि तिथे फक्त धूळ व घासलेली लाख असते. तुम्हाला ऐकू येते ती त्याचीच खरखर, आणि त्यात सुईही झिजते.

६५ ते ७५ मायक्रॉनच्या टोकाची सुई हवी. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेचे कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) असेल तर सगळे बदलायची गरज नाही. एसपी नावाची ३ मिलची (सुमारे ७५ मायक्रॉनची) सुई त्याच अंगावर बसते. तिचा भार ५ ग्रॅम, एलपीच्या सुईच्या २ ग्रॅमपेक्षा खूप जास्त. टोनआर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) मागच्या वजनावरचे, म्हणजे काउंटरवेटवरचे, आकडे बहुधा तिथवर पोहोचत नाहीत, म्हणून डिजिटल सुईकाट्यावर भार मोजून घ्या. एलपीवर परतताना २ ग्रॅम करायला विसरू नका. ऑर्टोफोनचे २एम ७८ घेतले तर टोक ६५ मायक्रॉनचे आणि भार १.८ ग्रॅम. सुई बदलल्यावर टोनआर्मची उंचीही बघा, आर्म तबकडीला समांतर दिसला पाहिजे.

टर्नटेबलला ७८चा वेग आहे ना, ते आधी पाहा. पुष्कळ महागड्या टर्नटेबलांना फक्त ३३ आणि ४५ असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून वेग तपासायची स्ट्रोब तबकडी ७७ रेघांची असते आणि तिच्यावर रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ भरतो. तेवढे पुरेसे आहे.

मोनोचे, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करणारे, बटण दाबा. या तबकड्यांत आवाज आडव्या हालचालीत कोरलेला आहे, उभ्या हालचालीत फक्त खरखर आहे. मोनो केले की ती एकमेकींत कटते आणि गळा पुढे येतो. हा फरक पहिल्याच मिनिटात कळतो. बटण नसेल तर संगणकावर ध्वनिमुद्रित करून तिथे मोनो करा.

आवाज दबका वाटेल. आजच्या फोनो स्टेजमध्ये, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागात, कोणते सूर किती कमी-जास्त करायचे ते ठरवणारे आरआयएए हे १९५४ सालापासून रूढ झालेले वळण असते आणि ते १० किलोहर्ट्झला वरचा आवाज सुमारे १३.७ डेसिबलने खाली आणते. जुन्या तबकड्या त्या मापाने कापलेल्याच नव्हत्या. म्हणून ट्रेबलची कळ मोकळेपणाने वर करा आणि कानाला पटेल तिथे थांबा. खरखर नको म्हणून ट्रेबल खाली करण्याचा मोह होतो, पण तानेची धार आणि दाणेदारपणा तिथेच आहे.

जुन्या ग्रामोफोनवर त्या परत लावू नका. लोखंडी सुई आणि जड साउंडबॉक्स मिळून लाख अक्षरशः कुरतडतात. एकदा नीट धुऊन संगणकावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवून घ्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, एका रविवारी बरीच मजल होते.

ॲम्प्लिफायरमधून सतत घुंऽऽ आवाज येतो. इलेक्ट्रिशियनने थ्री-पिनमधली जाडी पिन काढून टाकायला सांगितले. शिवाय मे महिन्यात विजांची भीती वाटते. (काणकोण)

पिन काढू नका. घुंऽऽ जाईल, पण आत काही बिघडले तर पेटीच्या धातूला २३० व्होल्ट येतील आणि ते तुमच्या हाताला लागतील.

आवाज स्पीकरमधून येतो की पेटीतून, ते आधी ठरवा. पेटीला कान लावल्यावर येत असेल तर तो आतल्या ट्रान्सफॉर्मरचा आहे. विजेच्या प्रवाहात थोडा डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) मिसळला की मोठे गोल ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात. घरातले हेअर ड्रायर, हीटर बंद करून बघा. फरक पडला तर डीसी ब्लॉकर लावून घ्या.

स्पीकरमधून येत असेल तर ॲम्प्लिफायर बंद करून मागच्या सगळ्या इनपुट तारा काढा आणि परत चालू करा. शांत झाला? मग दर वेळी बंद करून एकेक तार परत लावा. दहांतल्या सात घरांत दोषी निघते ती सेटटॉप बॉक्सची केबल, कारण ती बाहेरून स्वतःचे वेगळे अर्थिंग घेऊन येते आणि दोन अर्थिंगांमध्ये प्रवाह फिरू लागतो. टीव्ही ऑप्टिकल तारेने जोडा, काचेतून-प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. टर्नटेबलवरच घुंऽऽ असेल तर त्याची बारीक अर्थ तार फोनो स्टेजच्या स्क्रूला घट्ट लागली आहे का ते पाहा. सगळ्या पेट्या एकाच भिंतीतल्या सॉकेटवरून, एकाच पट्टीवर घ्या.

मग मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असतील तर अर्थिंगचा खड्डा बघायला हवा. आपल्या जांभ्या मातीत एप्रिल-मेपर्यंत ओल उरत नाही आणि अर्थिंगचा रोध चढतो, नेमके विजांच्या दिवसांतच. खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओता आणि परवानाधारक माणसाकडून अर्थ टेस्टरवर रोध मोजून घ्या, ५ ओहमच्या खाली हवा.

विजेसाठी वितरण पेटीत टाइप २ सर्ज प्रोटेक्टर बसवा. तो जादा दाब अर्थमध्येच सोडतो, म्हणून अर्थिंग वाईट असेल तर तो नुसती शोभा. एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच, यात काहीच करत नाही. आणि सगळे बसवले तरी गडगडाट सुरू झाला की प्लग भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही, वीज ती फट सहज ओलांडते. सोबत डिशची केबल आणि लॅनची तारही काढा, या दोन वाटा लोक हमखास विसरतात. गेलेली वीज परतल्यावर दहा मिनिटे थांबून प्लग लावा.

दाब वारंवार २००च्या खाली किंवा २५०च्या वर जात असेल तरच स्टॅबिलायझर घ्या, सर्वो प्रकारचा. ६०० वॉट खाणाऱ्या संचाला २ केव्हीए पुरतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, चौकोनी लाटेचा असेल तर स्पीकर किरकिरतात.

पाच मीटर स्पीकर केबलला दुकानदार ४०,००० रुपये सांगतो. घ्यावी का? (वास्को)

नको. २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची बहुतारी केबल घ्या. जाऊन-येऊन १० मीटर तांब्याचा रोध ०.०७ ओहम होतो, ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. दोन्ही बाजूंची लांबी सारखी ठेवा. वाचलेल्या पैशांत डीह्युमिडिफायर येतो.

मिरामारला समुद्रासमोर फ्लॅट आहे. पंधरा वर्षांच्या स्पीकरच्या वूफरची कड बोट लावताच भुगा होऊन पडली. एका चॅनेलचा आवाजही अधूनमधून जातो. (पणजी)

दोन्हींचे मूळ हवेत आहे. ती कड पॉलियुरेथेन फोमची होती. दमट हवेत फोमचे रेणूच पाण्याने तुटतात, वाजवा किंवा न वाजवा. स्पीकर आता वाजवू नका, सैल शंकू तिरका चालून त्याच्यामागची तारेची गुंडाळी (व्हॉइस कॉइल) घासते आणि मग दुरुस्ती महाग पडते.

वूफर शाबूत असेल तर कड बदलता येते. शंकूचा बाहेरचा व्यास आणि चौकटीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून जुळणारी कड मागवा, दोन्ही स्पीकरांसाठी एकदमच. जुना गोंद आयसोप्रोपिलने मऊ करून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. कड आधी शंकूला चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी चौकटीला चिकटवताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू सोडा. घासल्याचा आवाज आला तर गोंद ओला असतानाच शंकू किंचित सरकवा, आवाज थांबला की तिथेच दाबून धरा. रबरी कड मिळत असली तरी मूळ फोमच्या जागी सरसकट बसवू नका, ती जड आणि ताठ असते, खर्जाचे गणित बदलते. पुढचे स्पीकर घ्याल तेव्हा मात्र रबरी कडेचेच घ्या.

आवाज जातो तो खाऱ्या हवेने जोडण्यांवर चढलेल्या थरामुळे. संच बंद करून प्रत्येक आरसीए प्लग (लाल-पांढऱ्या ऑडिओ तारांचा गोल प्लग) जागच्या जागी चार-पाच वेळा फिरवा, मग काढून आयसोप्रोपिलने पुसा. स्पीकरच्या तारांची उघडी टोके हिरवी-काळी पडली असतील तर दोन सेंटिमीटर कापून नवी टोके काढा आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या बनाना प्लगमध्ये घट्ट कसा. आवाजाची कळ करकरत असेल तर बंद संचावर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ती वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बिजागऱ्यांचा तेलकट फवारा इथे चालत नाही, त्यावर धूळ चिकटते.

समुद्राकडची खिडकी ऐकत नसताना बंद ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा संच तासभर चालवा, आतली ऊब ओल बाहेर काढते. वर १५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी आणि वाजवताना झाकण्याचे कापड काढलेले हवे. स्टँडबायवर कोमट राहणाऱ्या पेटीत मुंग्या घर करतात. पावसाळ्यात दर महिन्याला टॉर्चने मागच्या जाळीतून आत एकदा डोकावून बघा.